मुठीतली पोकळी

आत्माराम: क्लार्क लिही की. एवढा विचार कसला त्यात?

नीलांबरी: विचार मी नाही करत बाबा, डॉक्टर करतोय. सकाळी तीनदा विचारलं त्याने मला. तुमचे वडील रंगारी होते का? इलेक्ट्रिशियन? गोदामात वरच्या फळ्यांवर माल चढवायचे का? म्हणाला, खांदा असा झिजतो तो वर्षानुवर्षं हात डोक्यावर धरून काम करणाऱ्याचा. रजिस्टरं लिहिणाऱ्याचा नाही.

आत्माराम: फायली वरच्या कपाटात असायच्या.

नीलांबरी: छत्तीस वर्षं?

आत्माराम: खालच्याला वाळवी लागली होती.

नीलांबरी: विनोद नको ना. त्राण नाहीये माझ्यात आज. तुमचा जर्मनीचा व्हिसा नव्वद दिवसांचा, त्यातले चाळीस डॉक्टरच्या ह्या एका टेरमिनची वाट बघण्यात गेले. आणि आता हा फॉर्म. उद्या फिजिओथेरपीवाल्या बाईला द्यायचाय. ॲलर्जी झाली, बीपी झालं, ऑपरेशनं झाली. राहिलंय एवढंच. व्यवसाय काय. किती वर्षं केला. आणि हे बघा, कामात कोणती हालचाल सतत करावी लागायची.

आत्माराम: लिहायची हालचाल. दुसरी कुठली?

नीलांबरी: मी रिकामं ठेवते. आठवलं की सांगा.

आत्माराम: आठवायचंय काय त्यात. चहा टाकू का?

नीलांबरी: तुम्ही बसा. हात वर जात नाही तुमचा आणि पत्तीचा डबा वरच्या फळीवर आहे.

आत्माराम: डावा जातोय की. बस तू. डोळे बघ कसे खोल गेलेत. तुझी आई असती तर मलाच बोल लावला असता, पोरीकडं राहायला गेलात आणि पोरीला वाळवून ठेवलीत म्हणून.

नीलांबरी: सोमवारपर्यंतच हो. सोमवारी आबगाबे. प्रबंध एकदाचा युनिव्हर्सिटीच्या हातात पडला की मी तीन दिवस झोपणार आहे. तुमच्या जावयाला, पुष्करला सांगून ठेवलंय, उद्या हेर्त्सोगेनआउराखच्या नोकरीवरून आलास की स्वयंपाक तुझ्याकडे आणि बाबाही तुझ्याकडे.

आत्माराम: मी काय तान्हं बाळ आहे? हे कागद उचलू का टेबलावरचे? कप ठेवायला जागा नाही.

नीलांबरी: उचला. नाही, थांबा, क्रमाने लावलेत. आल्झो, म्हणजे तो मोठा तेवढा उचला. तो चौथ्या प्रकरणातला आहे. चौथं संपलंय माझं, देवाच्या कृपेने.

आत्माराम: हा कोण?

नीलांबरी: नाचणारा आहे.

आत्माराम: पण कोण?

नीलांबरी: कुणीतरी शेतकरी. चारशे वर्षांपूर्वीचा. चित्रकाराने आधी लाल खडूने हे असं काढलं. मग त्यावरून तांब्याच्या पत्र्यावर कोरलं आणि छाप काढून बाजारात विकले. हा डावीकडचा मूळ, हा उजवीकडचा छाप. छापताना माणूस उलटा होतो, म्हणून इथे त्याचा डावा हात वर दिसतोय. खरा उजवा.

आत्माराम: उजवाच. आणि तू काय लिहिलंयस ह्याच्यावर?

नीलांबरी: साठ पानं.

आत्माराम: साठ! अगं, एका माणसावर?

नीलांबरी: एका हातावर. तुम्हाला कंटाळा येईल बाबा.

आत्माराम: सांग की. चहाला वेळ आहे अजून.

नीलांबरी: हात बघा त्याचा. मी त्या काळातली शेकडो चित्रं बघितली नाचणाऱ्यांची. हात उघडे असतात, नाहीतर जोडीदारणीच्या हातात असतात, नाहीतर टोपी उडवत असतात. ह्या एकट्यानेच मूठ वळलीय. डोक्याच्या वर. आधीचे लोक म्हणत आले, प्यायलेला गावंढळ आहे, नाचतोय कसाही. माझं म्हणणं आहे, ही मूठ रागाची आहे. त्या भागातली शेतकऱ्यांची बंडं चेपून टाकली होती. तोंडाने बोलायची सोय उरली नव्हती, मग हा अंगाने बोलतोय. नाचता नाचता वरच्या लोकांना धमकी देतोय. अख्खा प्रबंध ह्या मुठीवर उभा आहे म्हणा ना.

आत्माराम: हं.

नीलांबरी: हं काय?

आत्माराम: काही नाही. छान आहे.

नीलांबरी: 'छान आहे' तुम्ही आईच्या जळक्या उपम्याला म्हणायचात. बोला आता.

आत्माराम: किती वेळ उभा होता हा?

नीलांबरी: उभा कुठे, नाचतोय ना.

आत्माराम: नाचत नाही गं तो. उभा आहे. अर्धा तास तरी झालाय त्याला. जास्तच, पण कमी नाही.

नीलांबरी: बाबा, खाली कोपऱ्यात लिहिलंय बघा, नाख डेम लेबेन. म्हणजे जिवंत माणसावरून काढलेलं. चित्रकार जत्रेत वही घेऊन बसलाय आणि समोर हा नाचतोय.

आत्माराम: जिवंतच होता की. जिवंत होता म्हणून तर दोरी लागली.

नीलांबरी: कसली दोरी?

आत्माराम: वरनं सोडलेली, तुळईला बांधून. ती धरून उभा आहे तो. दोरी काढली नाही चित्रात, एवढंच.

नीलांबरी: दोरी मला माहितीये. अकॅडमीतल्या उघड्या मॉडेलांच्या चित्रांत असते. पण तिथे ती दाखवतात.

आत्माराम: शिकाऊ पोरं दाखवतात. बक्षिसाला धाडायचं चित्र असलं की पुसतात.

नीलांबरी: हे तुम्हाला कुणी सांगितलं?

आत्माराम: खांदा बघ त्याचा.

नीलांबरी: चार वर्षं बघतेय मी तो खांदा. मूळ चित्र जिथे आहे ना, तिथे जाऊन, हातमोजे घालून, भिंग लावून बघितलाय. प्लीज बाबा. आज गुरुवार आहे. सोमवारी मला हे द्यायचंय.

आत्माराम: दे की मग. मी कुठं अडवतोय? म्हातारा माणूस, काहीतरी बोललो.

नीलांबरी: तुम्ही काहीतरी बोलत नाही कधी. तुम्ही बोलतच नाही. काय झालंय खांद्याला त्याच्या?

आत्माराम: बसून नाही कळायचं. उठ. पुष्करचा तो कसरतीचा दांडा आहे ना दाराच्या चौकटीत, त्याच्याखाली उभी राहा. आधी नुसती. उजवा हात वर कर, मूठ आवळ, डावा पाय मागं उचल. मान खिडकीकडं. माझ्याकडं नको बघू. दात खातेस ते बंद कर.

(नीलांबरी दाराच्या चौकटीत एका पायावर, हात वर करून उभी राहते. चहा उकळून खाली बसतो, पण गॅसकडे कुणी जात नाही.)

नीलांबरी: किती वेळ?

आत्माराम: तू दोन मिनिटं कर. बोलू नको.

नीलांबरी: दुखतंय.

आत्माराम: कुठं?

नीलांबरी: खांद्याच्या गोळ्यात. आणि मानेत. हात थरथरतोय माझा.

आत्माराम: पाय टेकलास.

नीलांबरी: नाही टेकला.

आत्माराम: खाली बघ.

नीलांबरी: अरे! मला कळलंच नाही.

आत्माराम: कळत नाही. आता तुझी ओढणी त्या दांड्यावरनं टाक आणि दोन्ही टोकं एकत्र पिळून धर. भार दे तिच्यावर. लाजू नको, सगळा दे. हं. आता त्या आरशात बघ. खांदा कुठाय?

नीलांबरी: कानापाशी.

आत्माराम: आणि मघाशी?

नीलांबरी: मघाशी खाली होता. आवळलेला, गोळा आलेला.

आत्माराम: हात उचलणाऱ्याचा खांदा कामाला लागलेला असतो. हात टांगलेल्याचा सैल पडतो, वर सरकतो, काख लांब होते. आता तुझ्या माणसाकडं बघ.

नीलांबरी: कानापाशी आहे.

आत्माराम: आता मूठ. ओढणी मी काढून घेतो, तू बोटं हलवू नको. हळू. हं. काय राहिलं आत?

नीलांबरी: काही नाही. पोकळी.

आत्माराम: अंगठ्याएवढी. रागानं मूठ वळली तर बोट शिरत नाही आत. ह्याच्या मुठीत बघ, करंगळीच्या बाजूनं काळं केलंय.

नीलांबरी: त्याला मी सावली म्हटलंय. एकशे एकसष्ट पान.

आत्माराम: सावली मुठीच्या खाली पडते. आत कशी पडेल?

नीलांबरी: थांबा. मला बसू दे. आणि मग कोट? कोट उडतोय त्याचा मागे. उभ्या माणसाचा कोट उडतो का?

आत्माराम: दोऱ्यानं ताणून बांधला असेल खुर्चीला. धोतराचा सोगा असला तर टाचणीनं भिंतीला लावतात. वारा कुठनं आणायचा त्यांनी वर्गात?

नीलांबरी: वर्गात.

आत्माराम: आणि ही पायाभोवतीची रेघ? हिच्यावर काय लिहिलंयस?

नीलांबरी: दुरुस्ती. चित्रकाराने पाय आधी जरा पुढे काढला होता, मग जागा बदलली. मोठी तळटीप आहे तिच्यावर. म्हटलंय की हालचाल दाखवायची त्याची धडपड इथे दिसते.

आत्माराम: मग उचललेल्या पायाभोवती का नाही? टेकलेल्यालाच का? निलू, ती चौथऱ्यावरची खडूची रेघ आहे. विश्रांतीला खाली उतरलं की परत चढताना पाऊल त्याच जागी पडावं म्हणून मारतात. चित्रकाराला दिसली, त्यानं काढली. हा माणूस मधे एकदा उतरला होता. पाणीबिणी प्यायला असेल. मग परत चढला.

नीलांबरी: बाबा.

आत्माराम: काय?

नीलांबरी: तुम्हाला हे कसं माहीत?

आत्माराम: आमच्या कॉलेजात बघितलं होतं, चित्रं काढायच्या वर्गात.

नीलांबरी: ऑफिसातून?

आत्माराम: येता-जाता.

नीलांबरी: पाय टेकलेला आपल्याला कळत नाही, हे येता-जाता नाही समजत कुणाला.

आत्माराम: चहा आटला बघ सगळा. पातेलं धरलं असेल तळाला.

नीलांबरी: धरू दे. तुमचा उजवा खांदा आहे. ह्याचाही उजवा आहे. मी फक्त फॉर्मसाठी विचारतेय असं समजा. नका बघू माझ्याकडे, खिडकीकडे बघून सांगा.

आत्माराम: क्लार्क मी कधीच नव्हतो.

नीलांबरी: म्हणजे?

आत्माराम: शिपाई म्हणून लागलो. घंटा द्यायची, बोर्ड झाडायचे, पोरांना पाणी. तुझ्या आईच्या माहेरी क्लार्क सांगितलं, ते तसंच राहिलं. सात वर्षांनी वर्गात पोज देणारा नेहमीचा माणूस आजारी पडला, म्हातारा होता. सर म्हणाले, आत्माराम, अंगापिंडानं बरा आहेस, तासभर उभा राहा. मी म्हटलं राहतो. तासभर म्हणता म्हणता एकोणतीस वर्षं झाली.

नीलांबरी: एकोणतीस वर्षं तुम्ही मॉडेल होता?

आत्माराम: कागदावर शिपाईच. घंटा पण द्यायचो ना. आपलीच पोज सुटायची घंटा आपणच द्यायची, लंगोटावर धोतर गुंडाळून.

नीलांबरी: आईला माहीत होतं?

आत्माराम: रोज खांद्याला तेल कोण चोळत होतं मग? ती म्हणायची, देवळातल्या मूर्तीला दहा-बारा वर्षांतनं एकदा वज्रलेप करतात, तुम्हाला रोज लागतो. हसायची. बाहेर बोलली नाही कधी.

नीलांबरी: आणि मला सांगायचात की बसच्या दांड्याला लोंबकळून खांदा गेला.

आत्माराम: लोंबकळूनच गेला. बसच्या नाही, एवढंच.

नीलांबरी: काय काय उभे राहिलात तुम्ही?

आत्माराम: सगळं. बाण मारणारा. नांगर धरणारा. क्रूसावरचा पण झालो, दोन दोऱ्या लावून. पण जास्त करून नाचणारा. नाचणारा अवघड असतो ना, परीक्षेला तोच देतात. एकदा तांडव होतं. दोन महिने रोज, वीस मिनिटं एक पाय वर, मग पाच मिनिटं सुट्टी. एक पोरगी होती वर्गात, मिरजेची. एकट्या तिनं एकदा विचारलं, काका, दमलात का? मला उभ्या उभ्या रडू आलं. पण मोडली नाही हां पोज. तोंड वर होतं, कुणाला दिसलं नाही.

नीलांबरी: आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत.

आत्माराम: काय सांगायचं? मला नाचता येत नाही बघ आयुष्यात. तुझ्या वरातीत सगळे ओढत होते, मी बुटांच्या राखणीला उभा राहिलो.

नीलांबरी: विषय बदलू नका. मी सतरा वर्षांची होते. तुमच्याच कॉलेजचा फॉर्म आणला होता. पुढचं सगळं भरून फक्त पालकाची सही ठेवली होती. तुम्ही म्हणालात, ऑफिसात नेतो, शिक्का मारून देतो. आणि तारीख उलटली. तुम्ही म्हणालात, खणात राहून गेला.

आत्माराम: हो.

नीलांबरी: राहून गेला नव्हता ना?

आत्माराम: नव्हता.

नीलांबरी: किती वर्षं झाली माहितीये? एकोणीस. तुम्ही वर्गातून पोरांनी टाकलेल्या अर्ध्या ट्यूबा आणून द्यायचात मला. पाठीमागून पिळून पिळून वापरायची मी. घरातल्या भिंती रंगवल्या त्या रंगांनी. आणि मग फॉर्मच्या वेळी असं. मला वाटलं, ह्यांनी तिथल्या मुलांची कामं बघितलीत, ह्यांना कळलंय की ही तिथे टिकायची नाही. आपल्याला येत नाही, हे बाबांना तोंडावर सांगवत नाहीये. एवढंच वाटत राहिलं. म्हणून मी इतिहास घेतला. म्हणून मी दुसऱ्यांच्या चित्रांवर साठ साठ पानं लिहीत बसते बाबा. मला येत नाही म्हणून.

आत्माराम: असं वाटलं तुला?

नीलांबरी: दुसरं काय वाटणार?

आत्माराम: निलू, जिना चढून गेलं की समोरच्या भिंतीवर एक चित्र आहे. कोळशानं काढलेलं, पुरुषभर उंच. मुंबईला बक्षीस मिळालं होतं त्याला. प्रवेशाच्या दिवशी पोरं आणि त्यांचे आईबाप त्याच्याच खाली रांगेत उभे असतात. तो मी आहे. लंगोटावर. एक हात वर, एक पाय वर. खाली पितळी पट्टी आहे, 'नर्तक'. तोंड अगदी माझं काढलंय गड्यानं. तू रांगेत उभी राहिली असतीस आणि वर बघितलं असतंस. मग वर्गात गेली असतीस, तिथल्या सरांनी जुनी कामं काढून दाखवली असती, हा खांदा बघा, ही मांडी बघा. सगळा मीच. तुझ्याबरोबरच्या पोरांनी ओळखलं असतं, अरे हा तर हिचा बाप. आठ दिवस तो फॉर्म खिशात घेऊन फिरलो. सही केली होती मी. खरंच केली होती. द्यायला हात झाला नाही.

नीलांबरी: मी लाजले नसते.

आत्माराम: आज नसतीस. सतराव्या वर्षी?

नीलांबरी: माहीत नाही.

आत्माराम: मला पण माहीत नव्हतं. आणि तुझा हात वाईट होता म्हणतेस? मधल्या सुट्टीत मी सगळ्यांच्या बोर्डांमागनं फिरायचो. एकोणतीस वर्षं. कुणाला येतंय आणि कुणी नुसतं घासतंय, ते मला पहिल्या रेघेत कळायचं. सरांना निकालापर्यंत कळायचं नाही. तू नववीत आई निजलेली काढली होतीस, चुलीकडं पाठ करून. आठवतंय?

नीलांबरी: कुठेतरी हरवलं ते.

आत्माराम: हरवलं नाही. माझ्या ट्रंकेत आहे. झोपलेल्या माणसाचं वजन अंथरुणावर पडतं, ते तुझ्या चित्रात पडलं होतं. वर्गातल्या चाळीस पोरांत दोघांना जमायचं ते. हे तुला सांगायला पाहिजे होतं. चुकलं माझं. फॉर्मचं चुकलं, आणि हे न बोलल्याचं त्याहून चुकलं.

नीलांबरी: मला रागवायचंय तुमच्यावर, पण अंगात जोरच नाही.

आत्माराम: रागव की सावकाश. अजून पन्नास दिवस आहे मी.

नीलांबरी: सहा आठवडे तर मला हे प्रकरण परत लिहायलाच लागतील.

आत्माराम: कशाला? सोमवारी देऊन टाक तसंच. कुणाला कळणार आहे?

नीलांबरी: तुम्हाला कळलं.

आत्माराम: मी काय परीक्षक आहे होय? मी गप बसलो असतो तर बरं झालं असतं. तुझी चार वर्षं एका चहाच्या वेळात पाण्यात घातली.

नीलांबरी: पाण्यात नाही. गेनाऊ, नेमकं तेच बघतेय मी आता. मूठ गेली. बंड गेलं. ती तळटीपही गेली. पण बघा ना, चारशे वर्षं सगळे ह्याला नाचवतायत. कुणी म्हणालं दारुडा, कुणी म्हणालं गावंढळ, मी म्हटलं बंडखोर. तो बिचारा खांदा मोडेपर्यंत उभा होता, आणि ते कुणालाच दिसलं नाही. माझ्याच घरात एक होता, मला दिसला नाही. हे लिहायला नको का?

आत्माराम: दमली आहेस तू.

नीलांबरी: खूप. आज संध्याकाळी प्रोफेसरबाईंना मेल करावी लागेल. मुदत वाढवायचा आंट्राग भरावा लागेल, म्हणजे अजून एक फॉर्म. त्या एक भुवई वर करतील. करू देत. पण बाबा, एक आहे. मला हे सुचलं असं मी लिहू शकत नाही. कुणी दाखवलं ते सांगावं लागतं. तळटिपेत. नाव, आणि त्या माणसाला हे कसं ठाऊक, ते.

आत्माराम: माझं नाव नको.

नीलांबरी: जर्मनमध्ये आहे हो सगळं.

आत्माराम: आपल्या चारुलताचा वेद आहे ना एरलांगनला शिकायला. तो वाचतो जर्मन. उद्या सगळ्या गावाला फोन करेल. 'मामा नागडे उभे राहायचे.' कॉलेजातला एक जुना माणूस म्हणून लिही. नाव कशाला?

नीलांबरी: बरं. तसं लिहिते. तुमच्या मनाविरुद्ध नाही करणार.

आत्माराम: रागावलीस?

नीलांबरी: नाही. खरंच नाही. तुमचं आहे, तुम्ही ठरवा.

आत्माराम: ह्याचं नाव काय?

नीलांबरी: कुणाचं?

आत्माराम: ह्याचं. तुझ्या माणसाचं.

नीलांबरी: माहीत नाही. चित्रकाराचं आहे. छापणाऱ्याचं आहे. नंतर ज्यांनी ज्यांनी विकत घेतलं, त्यांचे शिक्के आहेत मागच्या बाजूला, नऊ. ह्याचं कुठेच नाही. मी शोधलंही नव्हतं. मला वाटायचं, तो जत्रेतला कुणीही.

आत्माराम: त्या पितळी पट्टीवर पण काढणाऱ्याचंच आहे.

नीलांबरी: हो. असणारच.

आत्माराम: पूर्ण लिही मग. आत्माराम धोंडीराम माने. दोघांतनं एकाचं तरी असू दे.

नीलांबरी: वेदने फोन केला तर?

आत्माराम: उचलेन की. काय लपवायचं आता, बहात्तरावं संपलं. आणि पोज चांगली होती म्हणावं माझी. सर म्हणायचे, आत्मारामची पोज म्हणजे भिंत.

नीलांबरी: पाणी घ्या थोडं. चहा परत टाकते मी. त्याआधी हा फॉर्म संपवू या, नाहीतर राहील. व्यवसाय. मी लिहिते हं, मॉडेल.

आत्माराम: इकडं पण मॉडेलच म्हणतात?

नीलांबरी: हो, मॉडेलच. किती वर्षं? एकोणतीस. हे झालं. आणि शेवटचा. कामात कोणती हालचाल सतत करावी लागायची?

आत्माराम: कोणतीच नाही.

नीलांबरी: इथे काहीतरी लिहावं लागेल बाबा, रिकामं नाही चालत.

आत्माराम: मग तसंच लिही. हलायचं नाही, तेच काम होतं.